पंचविशी ते चाळिशी : स्तनाच्या कॅन्सरची तपासणी कुणी, कधी आणि कशी करायची

स्तनाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की मॅमोग्राफी आठवते, आणि "ते चाळिशीनंतरचं" असं म्हणून तिशीतल्या बायका विषय तिथेच सोडून देतात. यात दोन वेगळ्या तपासण्यांची गल्लत होते. काहीही त्रास नसताना केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. गाठ लागली, बोंडातून पाणी आलं, काही वेगळं दिसलं म्हणून केलेली तपासणी म्हणजे निदान. वयाची अट फक्त पहिलीला आहे. बावीस वर्षांच्या मुलीला गाठ लागली तर तिची तपासणी पन्नाशीच्या बाईइतक्याच शिस्तीने व्हायला हवी.

हे ठासून सांगायचं कारण असं की तरुण बायकांचे महिने वाया जातात ते बहुतेकदा एका वाक्यापायी: "वय लहान आहे, काही नसणार." हे वाक्य घरात ऐकू येतं, ओळखीच्या मेडिकलवर ऐकू येतं आणि कधी कधी दवाखान्यातही.

आकडे काय सांगतात

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं नवं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने दगावल्या. युरोप-अमेरिकेत हा आजार मुख्यतः साठीच्या आसपास होतो. आपल्याकडे रुग्णांचं सरासरी वय साधारण दहा वर्षांनी कमी आहे. याचा अर्थ नाशिकच्या तिशीतल्या बाईला तिच्याच वयाच्या अमेरिकन बाईपेक्षा जास्त धोका आहे, असा होत नाही. आपली लोकसंख्याच तरुण आहे, म्हणून रुग्णांमध्येही तरुणींचा वाटा मोठा दिसतो. स्तनात लागणाऱ्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कॅन्सरच्या नसतात. पंचविशीच्या आत तर बहुतेक गाठी फायब्रोअ‍ॅडिनोमाच्या निघतात: गुळगुळीत, बोटाखालून निसटणाऱ्या, निरुपद्रवी.

घाई करायची ती उरलेल्या एक-दोन गाठींसाठी. तरुण वयातला कॅन्सर बऱ्याचदा आक्रमक प्रकारचा असतो. कॅन्सरच्या पेशींवर तीन गोष्टी तपासतात: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर (ईआर आणि पीआर), आणि हर-टू नावाचं प्रथिन. तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांचा कॅन्सर या प्रकारचा असतो, आपल्याकडे जवळपास तिसांचा. त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, आणि तो इतका भरभर वाढतो की दोन ठरलेल्या तपासण्यांच्या मधल्या काळातच डोकं वर काढतो.

आजार कुठल्या टप्प्यावर सापडला यावर किती अवलंबून आहे, ते आपल्याच देशातल्या ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या आकड्यांत दिसतं. कॅन्सर स्तनापुरताच असताना सापडलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ८१ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेपर्यंत किंवा आजूबाजूला पोचलेला असेल तर सुमारे ६५. हाडं, फुप्फुसं, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेलेला असेल तर फक्त १८. चांगल्या पोसलेल्या द्राक्षमण्याएवढी, म्हणजे २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ, काखेत काही नसेल तर पहिल्या टप्प्यात मोडते. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि स्तन वाचवण्याची शक्यता कमी होते.

तिशीत सरसकट मॅमोग्राफी का नाही

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कमी मात्रेचा एक्स-रे. प्रत्येक बाजूचा एक वरून आणि एक तिरका, असे चार फोटो काढतात. प्रत्येक फोटोला स्तन दोन प्लेटांमध्ये काही सेकंद दाबला जातो. न दाबता फोटो काढला तर आतल्या थरांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि बारीक गोष्ट दिसत नाही. दुखतं, पण थोडाच वेळ. पाळीनंतरच्या आठवड्यात गेलं तर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावून जायचं नाही, कारण त्यातले कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि कॅल्शियमचे ठिपके समजून गोंधळ होतो.

या फोटोत चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. विशी-तिशीत ग्रंथी भरपूर आणि चरबी कमी असते, त्यामुळे पांढऱ्यात पांढरं हरवतं. रिपोर्टमध्ये स्तनाची घनता ए, बी, सी किंवा डी अशी लिहिलेली असते. सी किंवा डी असेल तर "मॅमोग्राफी नॉर्मल" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये; सोबत सोनोग्राफी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावं. दुसरं असं की या वयात कॅन्सर मुळात विरळ, म्हणून सरसकट सगळ्यांची मॅमोग्राफी केली तर खोटी धोक्याची घंटा फार वाजते आणि पुष्कळ जणींच्या विनाकारण बायोप्सी होतात. म्हणून सर्वसाधारण धोका असलेल्या, काही त्रास नसलेल्या बाईसाठी मॅमोग्राफी चाळिशीपासून. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये हे वय पन्नासवरून चाळीसवर आणलं आणि दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली.

चाळिशीच्या आत काय करायचं? पंचवीस ते एकोणचाळीस या वयात दर एक ते तीन वर्षांनी प्रशिक्षित डॉक्टर किंवा नर्सकडून हाताने स्तनांची तपासणी, आणि स्वतःच्या स्तनांची चांगली ओळख. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची हाताने तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. पाच वर्षं हे अंतर मोठं आहे, आणि तेवढ्यावर विसंबून राहू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातूनही हेच निघतं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. म्हणजे तरुण बाईने शिबिरात हाताची तपासणी करून घेतली की दोन वर्षं निश्चिंत, असं धरून चालत नाही. शिबिरानंतर तीन महिन्यांनी गाठ लागली तर ती नवी गाठ समजूनच तपासून घ्यायची.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी "दाब नाही, किरण नाहीत, सगळ्या वयात चालते" असं सांगून स्तनांचं तापमान मोजणारी थर्मल तपासणी करतात. ती मॅमोग्राफीची किंवा सोनोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधल्या रक्ताच्या ट्यूमर मार्करचंही तसंच. सीए १५-३ हा मार्कर सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा नॉर्मलच येतो. तो नॉर्मल आला म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे.

स्वतःच्या हाताने

शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार कापड कामगार बायकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतः तपासायला काटेकोर शिकवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून आज कुणी दर महिन्याला परीक्षेसारखं तपासण्याची सक्ती करत नाही. पण तरुण बायकांमधले बहुतेक कॅन्सर बाईला स्वतःलाच आधी लागतात, कारण दुसरं कुणी पाहतच नसतं. आपलं नेहमीचं काय हे ठाऊक असेल तर वेगळं काय हे कळतं. त्यासाठी पद्धत एकदा नीट शिकून घ्यायची.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये बघावं. तेव्हा सूज आणि ठणका सर्वात कमी असतो. पाळी येत नसेल तर महिन्याची एक तारीख धरावी. आधी आरशासमोर, चांगल्या उजेडात, कंबरेपर्यंतचे कपडे काढून उभं राहायचं. हात खाली सोडून, मग दोन्ही हात वर करून, मग कमरेवर घट्ट दाबून, आणि शेवटी पुढे वाकून पाहायचं. कमरेवर हात दाबले की छातीचे स्नायू आवळतात आणि एरवी न दिसणारी खळी किंवा आत ओढलेली कातडी दिसते. ही पायरी बहुतेक जणी गाळतात.

मग पाठीवर झोपायचं. उजवी बाजू पाहायची तर उजव्या खांद्याखाली घडी केलेला टॉवेल, उजवा हात डोक्यामागे, आणि तपासायला डावा हात. मधल्या तीन बोटांची टोकं वापरायची नाहीत. पेरांचा सपाट, मऊ भाग वापरायचा. चिमटीत धरलं तर कुठल्याही निरोगी स्तनात गाठच लागते, आणि निम्मी घबराट या चिमटीमुळे होते. हासळीच्या हाडापासून ब्राच्या खालच्या पट्टीपर्यंत, आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंत सगळा भाग घ्यायचा. रुपयाच्या नाण्याएवढे छोटे गोल फिरवत वरून खाली, मग शेजारच्या पट्ट्यात खालून वर. प्रत्येक जागी तीन दाब: हलका कातडीखालचं कळायला, मध्यम मधल्या भागासाठी, आणि जोराचा बरगडीपर्यंत. शेवटी काख. दोन्ही बाजू मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने केलं तरी चालतं, पण मोठा स्तन झोपूनच नीट कळतो.

काखेकडच्या वरच्या भागात ऊती जाड लागतात आणि खालच्या कडेला एक कडक वळ लागतो. हे बहुतेकींना असतं. शंका आली की दुसऱ्या बाजूला त्याच जागी हात लावून पाहायचं. दोन्हीकडे सारखं असेल तर ती बहुधा आपली ठेवण. फक्त एकीकडे असेल तर लक्ष द्यायचं. काखेकडचा वरचा भाग मात्र घाईत उरकू नये, कॅन्सरच्या जवळपास निम्म्या गाठी तिथेच असतात.

डॉक्टरकडे नेण्यासारख्या गोष्टी अशा. कडक, कडा स्पष्ट नसलेली, जागची न हलणारी गाठ. बोंड नव्याने आत ओढलं जाणं. लहानपणापासून आत असेल तर ते वेगळं. न दाबता, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून येणारं रक्ताचं किंवा पाण्यासारखं स्रवणं. संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं दिसणारी कातडी. बोंडावर खाज, खपल्या आणि ओल, जी मलमाने दोन-तीन आठवड्यांत जात नाही. ही नुसती त्वचेची तक्रार म्हणून महिनोन्‌महिने मलमावर काढली जाते आणि खाली कॅन्सर निघतो. काखेतली गाठ पाहताना काखमांजरीची आठवण येते. पण काखमांजरी दुखते, लाल होते, आठ-दहा दिवसांत पिकते किंवा बसते. न दुखणारी, टणक, तशीच राहणारी काखेतली गाठ वेगळी.

"दुखत नाही, म्हणून काही नाही" ही सगळ्यात महाग पडणारी समजूत. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाहीच. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंनी येणारा ठणका मात्र सहसा हार्मोनचा असतो. पाळीच्या आधी लागलेली मऊसर गाठ पाळी होऊन गेल्यावर पुन्हा पाहावी. राहिली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. कडक गाठ किंवा ओढलेली कातडी असेल तर पाळीचीही वाट पाहायची नाही. लेप, शेक आणि मालिशमध्ये घालवलेले दोन महिने परत मिळत नाहीत.

गाठ लागल्यावर दवाखान्यात काय व्हायला हवं

तीन गोष्टी: हाताने तपासणी, फोटो (सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी) आणि तुकडा (बायोप्सी). तिन्हींची उत्तरं एकमेकींशी जुळायला हवीत. हाताला कडक लागते पण सोनोग्राफी नॉर्मल, असं झालं तर सोनोग्राफीवर विश्वास टाकून घरी जायचं नसतं. बायोप्सी करून सोक्षमोक्ष लावायचा असतो.

तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. तीस ते एकोणचाळीसमध्ये सोनोग्राफी, आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राफीही. चाळिशीपुढे दोन्ही. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गाठ घड्याळाच्या कोणत्या आकड्याच्या दिशेला आहे, बोंडापासून किती सेंटिमीटरवर, माप किती मिलिमीटर आणि बायरॅड्स (कॅन्सरचा संशय किती हे सांगणारा ० ते ६ मधला आकडा) किती, हे असलंच पाहिजे. यातलं काही नसेल तर त्याच सेंटरवर परत जाऊन लिहून मागावं. सहा महिन्यांनी तुलना करायची ती कशाशी, हा प्रश्न त्यावरच सुटतो.

बायरॅड्स ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. १ आणि २ ठीक. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सरची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी, सहा महिन्यांनी परत पाहायचं. ४ म्हणजे संशय, बायोप्सी हवी. ५ म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात पंचाण्णवच्या वर. ६ लिहिलेलं असेल तर कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आहे. फसगत होते ती तीनमध्ये. सहा महिन्यांची तारीख द्राक्षाच्या हंगामात येते, रोज बुडतो म्हणून पुढे ढकलली जाते, आणि वर्ष निघून जातं. गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत निफाड-दिंडोरीकडच्या बाईला सवड नसते हे खरं आहे. म्हणून ती तारीख देतानाच डॉक्टरांना सांगून आठवडाभर अलीकडे-पलीकडे करून घ्यावी, पण सोडू नये.

बायोप्सीला आपल्याकडे "तुकडा काढणं" म्हणतात. आज योग्य पद्धत म्हणजे कोअर बायोप्सी: जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, सहसा १४ गेजच्या सुईने चार-सहा बारीक तुकडे घेतात. अर्धा तास लागतो, टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेण्याची एफएनएसी स्वस्त आणि झटपट असते, पण तिच्यात पेशी कमी आल्या तर "कॅन्सर दिसला नाही" असा रिपोर्ट येतो आणि गाठ कॅन्सरचीच असू शकते. कॅन्सर अजून दुधाच्या नळीच्या आतच आहे की आजूबाजूला शिरला आहे, हेही तिच्यात कळत नाही.

तुकडा लगेच, तासाभराच्या आत, १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, तुकड्याच्या दसपट तरी फॉर्मलिन हवं, आणि तो त्यात सहा ते बहात्तर तास राहिला पाहिजे. सलाईनमध्ये किंवा नुसत्या पाण्यात ठेवला तर इस्ट्रोजेन रिसेप्टर असूनही रिपोर्टमध्ये "नाही" येऊ शकतो, आणि जिला स्वस्तातल्या हार्मोनच्या गोळ्यांचा फायदा झाला असता तिला त्या मिळतच नाहीत. बाटली लॅबमध्ये पोचवायचं काम बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती येतं. त्यांनी बाटलीवर नाव, डावी की उजवी बाजू आणि तुकडा काढल्याची वेळ लिहिली आहे ना, एवढं पाहावं. कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर आणि हर-टूची तपासणी लागते. हर-टूचा रिपोर्ट "२+" आला तर तो अर्धवट रिपोर्ट समजायचा. फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने आलेल्या बाईला घरचेच परत नेतात. कोअर बायोप्सीने आजार वाढतो किंवा आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. खरं नुकसान होतं ते उलट्या घाईने: बायोप्सी न करता "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून केलेल्या ऑपरेशनने. नंतर कॅन्सर निघाला तर कडा अपुऱ्या राहिलेल्या असतात, काख तपासलेली नसते, ज्या बाईला आधी केमो द्यायला हवा होता तिची संधी गेलेली असते आणि दुसरं ऑपरेशन अटळ होतं. त्याहून वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायला न पाठवणं. काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, वय कितीही असो.

अंगावर पाजत असताना

गरोदरपणात आणि पाजत असताना स्तन भरलेले, गाठीगाठींचे असतात आणि "दूध साकळलं" हे सगळ्याला उत्तर ठरतं. साकळलेल्या दुधाची गाठ पाजून, पिळून, शेकून काही दिवसांत उतरते. स्तनाला सूज, लाली, ताप असेल तर अँटिबायोटिकने आठवडा-दहा दिवसांत फरक पडायला हवा. पडला नाही, किंवा कुठलीही गाठ दोन आठवड्यांच्या वर राहिली, तर सोनोग्राफी. गरोदरपणात सोनोग्राफी सुरक्षित आहे, पोटाला संरक्षण देऊन मॅमोग्राफीही करता येते, आणि बायोप्सीसाठी पाजणं थांबवायची गरज नसते. फक्त आपण पाजत आहोत हे पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहून घ्यायचं, कारण त्या काळात साध्या पेशीही वेगळ्या दिसतात. पाजल्याने पुढच्या आयुष्यातला धोका थोडा कमी होतो हे खरं, पण पाजणाऱ्या बाईला कॅन्सर होत नाही, असं नाही.

घराण्याचा हिशोब पंचविशीतच मांडा

कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी पाच-दहा जणींचा आजार आनुवंशिक असतो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष असेल तर आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाते आणि तोही लवकर होतो. अशा मुलींसाठी चाळिशीचा नियम लागूच नाही.

"घरात कुणाला होता का?" असं विचारलं की बायका आई, मावशी आणि आजी सांगतात. आत्या आणि वडिलांची आई राहून जाते. हा दोष वडिलांकडूनही तेवढाच येतो. ओव्हरीचा कॅन्सरही याच हिशोबात धरतात, आणि जुन्या पिढीत तो "पोटात पाणी झालं होतं" एवढ्याच शब्दांत आठवलेला असतो. पुरुष नातेवाइकाच्या छातीतली गाठ, स्वादुपिंडाचा कॅन्सर, हेही लिहा. प्रत्येकापुढे वय लिहा, कारण सत्तरीत झालेला आणि पस्तिशीत झालेला यांचं वजन सारखं नसतं.

आई किंवा बहिणीला पन्नाशीच्या आत, आईकडच्या किंवा वडिलांकडच्या अशा एकाच बाजूच्या दोन नातेवाईक बायकांना, घरात कुणाला ओव्हरीचा, किंवा साठीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह झाला असेल, तर जनुक समुपदेशन घ्यावं. चाचणी शक्यतो आधी त्या आजारी नातेवाइकाची करतात. तिच्यात दोष सापडला तरच बाकीच्यांची नेमकी तपासणी सोपी आणि स्वस्त होते. दोष असेल तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून सोबत मॅमोग्राफी. दोष सापडला नाही पण आईला बेचाळिसाव्या वर्षी झाला होता, तर मुलीची तपासणी साधारण दहा वर्षं आधी, बत्तिसाव्या वर्षी सुरू करतात. लहानपणी किंवा तरुणपणी लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) छातीला रेडिएशन दिलेल्या मुलींनाही असंच लवकर पाहतात.

नाशिकमध्ये कुठून सुरुवात करायची

आशाताई तीस वर्षांपुढच्यांचा जो फॉर्म भरतात त्यात स्तनातली गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारात बदल हे तीन प्रश्न असतात. पण घराण्याच्या प्रश्नात रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार विचारतात. कॅन्सर आपणहून सांगावा लागतो. तिथून आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे ग्रामीण रुग्णालय, मग त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असा रस्ता आहे. शहरात महापालिकेची झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको ही रुग्णालयं जवळची. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात विमा कपात होत असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय. सुरगाणा-पेठहून यायचं तर एकाच फेरीत तपासणी, सोनोग्राफी आणि तुकडा होईल का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. मशिन बंद किंवा रेडिओलॉजिस्ट रजेवर असला की आख्खा दिवस जातो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं असावं. लग्नानंतर नाव बदललं आणि एकाच कागदावर बदललं, तर मंजुरी अडते. दुरुस्ती निदानाची वाट न पाहता आधीच करून घ्या. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते. बाहेर केलेली स्क्रीनिंगची मॅमोग्राफी या योजनेत बसत नाही, तो खर्च धरून चाला.

जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट असं आहे की बाई पहिल्यांदा दवाखान्यात गेल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. पहिल्या भेटीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि दिवस मोजत राहा. दीड महिना झाला आणि तुकडाच झाला नसेल, तर डॉक्टर बदलण्यात गैर काही नाही.

उपचारासाठी किंवा दुसऱ्या मतासाठी परळला टाटामध्ये जायचं ठरलं तर पंचवटी एक्स्प्रेस पकडण्यापूर्वी पिशवी तपासा. छापील रिपोर्टवर तिथे भागत नाही. सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, बायोप्सीच्या काचा (स्लाइड), आणि मेणात बसवलेले तुकड्यांचे पॅराफिन ब्लॉक लागतात. ब्लॉक लॅबमध्येच असतात, मागितल्यावर मिळतात, आणि मिळायला एक-दोन दिवस जाऊ शकतात, म्हणून निघायच्या आधी लॅबला कळवा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि तिथे जमा केल्यावर पावती घ्या, पुढे हर-टू किंवा जनुकांच्या चाचणीसाठी तेच ब्लॉक पुन्हा मागावे लागतात.